धार दुसऱ्याच्या हाती

फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, रोज एक पान लिहायचं. काय लिहायचं ते सांगितलं नाही. पहिले चार दिवस मी किराणा मालाची यादी लिहिली, मग देवांची नावं, मग माहेरच्या सगळ्या माणसांची. माणसं संपली तेव्हा लेक म्हणाली, "आई, जे झालं ते लिही की. दुसऱ्या कुणाला झालं तर उपयोगी पडंल." म्हणून हे लिहितेय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं, एका पानाला दीड तास लागतो आणि मधेच पेन निसटून खाली पडतं. त्यामुळं यात पाल्हाळ सापडणार नाही. पाल्हाळ लावायला बोटं धड लागतात.

मी सुरेखा, कोडोलीची. घरची थोडी शेती आणि चार म्हशी. शेती मालक बघतात, म्हणजे माझे यजमान, आणि म्हशी मी. वीस वर्षं पहाटेची आणि संध्याकाळची धार मीच काढली. बाळंतपण सोडलं तर खाडा नाही. तू कोण असं मला कुणी विचारलं असतं, तर नाव सांगायच्या आधी मी हात पुढं केले असते.

*

सुरुवात पायांपासून झाली. आठ-दहा दिवसांपूर्वी जुलाब होऊन गेले होते, ते मी विसरूनही गेले होते. मग तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. मग चालताना चप्पल पायातून निसटून मागं राहायची आणि मला चार पावलांनी कळायचं. मी कुणाला बोलले नाही. बाईनं उठसूट आई गं करू नये, असं आमच्याकडं शिकवलेलं असतं, आणि मी त्यात पहिला नंबर.

तिसऱ्या दिवशी पहाटे चंद्रीखाली बसले, सड हातात धरला, आणि मूठ आवळेना.

चंद्री म्हणजे माझी तिसरी म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं माझ्यासारखीच, नाकावर माशी बसू देत नाही. तिचं रेडकू दोन महिन्यांचं होऊन मेलं. रेडकू मेलं की बऱ्याच म्हशी दूध वर चढवून धरतात, कास भरलेली असून थेंब सोडत नाहीत. चंद्रीनंही तेच केलं. तिला पुन्हा पान्हवायला मला पंधरा दिवस लागले. त्यानंतर ती सोडायची ती फक्त माझ्या हाताला. त्या पहाटे ती पान्हवून उभी होती, सडातून आपोआप थेंब गळत होते, आणि माझ्या हातात जोर नव्हता. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "थांब गं, हात झोपलाय."

हात झोपला नव्हता. दुपारी मला उंबरा ओलांडता येईना. संध्याकाळी मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात होते.

*

डॉक्टर तरुण होते, आमच्याच बाजूचे. म्हणाले, "ताई, अंगात जंतूंशी लढणारी फौज असते की न्हाय? ती कधी कधी चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. तसलं झालंय. हा आजार पायापास्नं वर चढतो, मग थांबतो, मग उतरतो. तो चढतोय तवर आपण श्वासावर लक्ष ठेवायचं."

मालकांनी विचारलं, "उतरतो म्हंजे पूर्ण उतरतो का?"

"बहुतेकांचा उतरतो. किती आणि कवा, ते आत्ता सांगत न्हाय."

त्या दिवसापासून रोज तीनदा माझी एक परीक्षा व्हायची. एका दमात एक, दोन, तीन म्हणत किती आकड्यापर्यंत जाता येतं ते बघायचे. पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले आणि मला वाटलं शाबासकी मिळेल. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी अकरा. अकराच्या खाली गेलं की नळी घालून मशीन लावणार, हे नर्सबाईंनी मालकांना दाराशी सांगितलं. आवाज हळू ठेवला होता, पण हातपाय गेले तरी माझे कान शाबूत होते. तेव्हापासून मी मनातल्या मनात बाराचा सराव करायचे. बारा म्हणजे मला पंढरपूर की काशी वाटायला लागलं होतं. भीती कशी असते ते मला तेव्हा समजलं. छातीवर कुणी बसलेलं नसतं आणि तरी उठवायला कुणीतरी हवं असतं.

भेटायला गाव लोटलं. आमच्याकडं माणूस आजारी पडलं की घरात कुणी बसत नाही. जो येईल तो म्हणायचा, "हात हालीव बघू." मी हलवायचे, म्हणजे हलवायचा विचार करायचे. मग तो बाकीच्यांकडं बघून मान हलवायचा. एका लांबच्या मामांनी तर असाच आजार होऊन गेलेल्या माणसाची गोष्ट, तो कसा गेला इथपर्यंत, पायाशी बसून सांगितली. ज्यांच्या घरात हे दुखणं आलंय त्यांना माझं सांगणं एवढंच, की पायाला मुंग्या आल्या तर लगेच बोला आणि अशा मामांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावा.

*

चौथ्या दिवशी आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. घर एकच, मधे वाटणीची भिंत. सहा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. का, हे लिहायचं की नाही यावर माझं दोन दिवस पान अडलं. पण ते सोडलं तर बाकीच्याला काही अर्थ राहत नाही.

वाटणीत दोन म्हशी आक्काकडं गेल्या. वर्षभरात दोन्ही आटल्या. डेअरीवर दूध घालायच्या रांगेत बायकांनी तो विषय काढला आणि माझी जीभ सुटली. आक्काला मूलबाळ नाही. मी म्हटलं, "जिचा स्वतःचा पान्हा कधी फुटला न्हाय, तिच्या हाताला म्हस काय पान्हवणार?"

आक्का चार बायका सोडून माझ्या मागंच उभी होती. हातात तिची लहान किटली होती. ती वळली आणि दूध न घालताच घरी गेली. पुढच्या महिन्यात तिनं दोन्ही म्हशी विकल्या आणि शेळ्या घेतल्या. मला वाटलं होतं ती भांडायला येईल. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

आणि आता ती माझ्या खाटेशी उभी होती, काखेत कपड्यांची पिशवी. माझी लेक ऋतुजा तीन रात्री जागून पार उतरली होती, तिची परीक्षाही तोंडावर होती. आक्का तिला म्हणाली, "तू जा घरला. झोप, आब्यास कर. हितं मी ऱ्हातो."

मला तोंड फिरवायचं होतं. पण मानेत तेवढाही जोर नव्हता. मग डोळे मिटून घेतले. तेवढं एकच दार माझ्या हातात होतं.

*

आक्का सगळ्या वॉर्डाशी बोलायची. शेजारच्या खाटेवरच्या उचगावच्या म्हातारीशी तर तिची तासातासाची बैठक जमायची. माझ्याशी फक्त हुकूम. "आ कर." "गीळ." "कूस बदलतो, घाबरू नगंस." ती माझे दात घासायची, केस विंचरायची, भांडं द्यायची, पुसायची. मी तिच्या हातून पेज घेताना ओठ घट्ट धरायचे, अर्धी पेज हनुवटीवरून ओघळायची, आणि ती पदरानं टिपायची. लघवी लागली तरी मी सांगायचे नाही, ऋतुजा संध्याकाळी येईपर्यंत दाबून धरायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. चूक तिची असती तर मी केव्हाच सैल झाले असते. चूक माझी होती, म्हणून मी ताठ होते.

फिजिओच्या मॅडम रोज येऊन माझे हातपाय हलवायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सुरेखाताई, तुमच्या खांद्यात थोडा जोर उरलाय, आणि तो सगळा तुम्ही मला अडवायला वापरताय. हात माझ्याकडे सोडून द्या. मदतही करू नका आणि विरोधही करू नका."

आक्का उशाशी उभी होती. म्हणाली, "मॅडम, तिला ते जमत न्हाय. लगीन झाल्यापास्नं बघतो मी."

मला इतका राग आला की खांदा आणखी आखडला.

सकाळी पाचच्या सुमाराला मला आपोआप जाग यायची. ती धारेची वेळ. वॉर्डात त्या वेळी फिनेलचा वास असायचा आणि मला भिजवलेल्या पेंडीचा वास हवा असायचा. शेणाचा, ओल्या कडब्याचा हवा असायचा. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तिचा आवाज पातळ आणि कडक असतो. मग फेस धरतो तसा तो जाड, मऊ होत जातो. बादली किती भरली हे मला न बघता कळतं. तो आवाज आठवून मी चादरीवर पडलेल्या माझ्या हातांकडं बघत बसायचे. दुसऱ्या कुणाचे तरी हात माझ्याकडं ठेवायला दिलेत असं वाटायचं. घराची ओढ म्हणजे नवऱ्याची, लेकराची असते असं मला वाटत होतं. मला सगळ्यात जास्त आठवण त्या लाकडी पाटाची यायची, ज्यावर बसून मी धार काढायचे. हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

*

सहाव्या दिवशी मालक आले ते लंगडत.

"काय झालं?" मी विचारलं. आवाज तोवर अगदी बारीक झाला होता.

"तुझ्या लाडकीनं लाथ हाणली." ते स्टुलावर बसले आणि मोठ्यानं सांगायला लागले. त्यांना हळू बोलता येत नाही. "बाकीच्या तिघी देत्यात की दूध. चंद्री हात लावू देईना. मग शेजारचा तात्या म्हणाला, बायकोचं लुगडं नेस, वासानं फसती. तुझी हिरवी साडी नेसलो. डोक्यावरनं पदर घेतला. आवाज बारीक केला. जवळ गेलो, तिनं मला हुंगलं, वरपास्नं खालपतोर बघितलं, आन हाणली की! बरोब्बर गुडघ्यावर!"

उचगावची म्हातारी हसता हसता खोकायला लागली. नर्सबाई तोंडावर हात धरून बाहेर गेल्या. आमच्या भागात गड्यानं बायकोची साडी नेसून धार काढायला बसणं ही काही नवलाची गोष्ट नाही, पण आमचे मालक म्हणजे मिशीवाले, सहा फुटी. मी पण हसले.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? ती माझ्याशिवाय कुणाला सोडत नाही, याचा मला भयंकर आनंद झाला. हात गेले, पाय गेले, पण घरी एक जीव माझ्यासाठी अडून उभा होता.

मालकांचं हसू थांबलं. "कास दगडावाणी झालीया, सुरे. जनावराचा डॉक्टर दोनदा सुई मारून काढून गेला. म्हणाला, रोज रोज सुई मारून चालायचं न्हाय. अशीच तटून ऱ्हायली तर दगडी व्हईल, कास सुजून सड जाईल. विकावी म्हणतोय मी."

माझा आनंद जागच्या जागी विरला. भरलेली कास दुखते. ऋतुजाच्या वेळी दोन दिवस छातीत दूध साचून दुखलं होतं, ते मला आठवलं. ती तिकडं तशी उभी होती आणि मी इकडं खूश होत होते.

आक्का खिडकीशी माझा ग्लास विसळत होती. मी बराच वेळ तिच्या पाठीकडं बघितलं. मग सहा वर्षांत पहिल्यांदा हाक मारली.

"आक्का."

पाण्याचा आवाज थांबला.

"तुमी जावा. चंद्रीची धार तुमी काढा."

ती वळली. ग्लास पुसला, जागेवर ठेवला, मग म्हणाली, "माझ्या हातानं?"

दोनच शब्द. तिनं ते रागानं म्हटले असते तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. तिनं नुसतं विचारलं. मालक फरशीकडं बघायला लागले.

"व्हय," मी म्हटलं. "तुमच्या हातानं."

मग मी तिला सगळं सांगितलं. दम लागत होता, दर दोन शब्दांनी थांबत होते. डाव्या अंगानं बसायचं. कोमट पाण्यानं कास धुवायची, पुसायची नाही. कपाळ तिच्या कुशीला टेकवायचं आणि तिचा श्वास जसा चालतो तसा आपला घ्यायचा, घाई करायची नाही. आणि शेवटची गोष्ट, जी मी मालकांनाही कधी सांगितली नव्हती. तिच्या मेलेल्या रेडकाचं नाव घ्यायचं. मी त्याला बाळ्या म्हणायचे. "बाळ्या येतोय गं, आला बघ बाळ्या," असं म्हणत राहायचं, मग ती सोडते. मी रोज दोन वेळा त्या म्हशीशी खोटं बोलत होते.

सांगून झालं तेव्हा माझ्याकडं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. माझी म्हणून जी एक गोष्ट होती ती मी देऊन टाकली होती, आणि ती बरोबर चालली तर मी लागणार नव्हते. हे मला बोलतानाच कळत होतं.

आक्कानं पिशवी उचलली. "साडी ती हिरवीच नेसतो," म्हणाली आणि चारच्या वडापच्या जीपनं कोडोलीला गेली.

*

रात्री माझ्याजवळ मालकच राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्या कानाशी धरला. पलीकडं कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं लाईन तुटली. मग पातळ, कडक आवाज आला, रिकाम्या बादलीतला. मग पुन्हा. मग लागोपाठ. ऋतुजानं फोन बादलीजवळ धरला होता.

मी तो आवाज जाड होईपर्यंत ऐकला. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि ते पुसायला मला हात नव्हते. मालकांनी पुसलं. मला बरं वाटलं आणि पोटात तुटलंही, दोन्ही एकाच वेळी. आजही त्यातलं जास्त कोणतं होतं ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी दुपारी आक्का परत आली. पेजेचा चमचा पुढं केला. मी तोंड उघडलं. लघवी लागली तेव्हा सांगितलं. एवढंच झालं, पण दवाखान्यात एवढंच पुष्कळ असतं. मॅडमनी हात उचलला तर मी तो देऊन टाकला, आणि त्या म्हणाल्या, "आज काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, धार निघाली."

मन सैल सोडलं म्हणून मी बरी झाले, असं मी म्हणणार नाही. मी औषधानं बरी झाले. आकडा आणखी दोन दिवस अकरावरच होता. मग बारा झाला, मग पंधरा. पण औषध अंगात जात होतं तेव्हा मी त्याच्याशी भांडत नव्हते, एवढं मात्र खरं.

आक्का रोज यायची. पहाटेची धार काढून, शेळ्यांचं बघून दुपारी कोल्हापूर, चारला परत. आम्ही बोलायला लागलो, ते चंद्रीवरच. आज किती दिलं, खाल्लं का, माशा फार आहेत का. डेअरीवरचं ते बोलणं कुणीच काढलं नाही. मी रोज ठरवायचे की आज माफी मागायची, आणि रोज चार वाजायचे.

*

दीड महिन्यानं घरी आले. वॉकर घेऊन पहिल्यांदा गोठ्यात गेले तर चंद्रीनं मला हुंगलं आणि मागं सरकली. अंगाला औषधांचा वास होता. मी अख्खा दवाखाना जिच्यासाठी काढला, तिनं मला ओळखलं नाही. त्या रात्री मी जेवले नाही. मालक म्हणाले, "आगं, जनावर हाय ते." मला ठाऊक होतं.

आता सहा महिने झाले. चालते, वॉकरशिवाय. भाकरी थापता येत नाही, पण लाटता येते. बोटं पेन धरतात. सड धरतात, पण आवळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर सुधारणा होत राहील, आणि कदाचित मूठ येईल, कदाचित नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी घरी येऊन भांडी आपटली होती. हल्ली मी कदाचित हा शब्द रोज थोडा थोडा गिळते. मधली भिंत अजून आहे. भिंती पाडायच्या ते सिनेमात. आक्का वळसा घालून येते.

चंद्री पुन्हा ओळखायला लागली आहे, हाताला चाटते. पण धारेच्या वेळी मी गोठ्यात थांबत नव्हते. बघवत नसे. बादली घरात आली की बाहेर यायचे.

परवा मात्र पहाटे उठून गेले. आक्का बसली होती, माझ्या पाटावर. अंगावर माझी हिरवी साडी, पदराशी विरलेली. कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकवलेलं. मी खुर्ची ओढून बसले. आणि ती काय म्हणते आहे ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं. फोनवर ते कधी आलं नव्हतं.

"येतीया गं. सुरेखा येतीया. दम धर जरा, येती बघ."

बाळ्याचं नाव नव्हतं. चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती आणि बादलीतला आवाज जाड होत होता.

"आक्का, बाळ्या म्हणायचं ठरलंतं न्हवं?" मी विचारलं.

ती मागं न बघता म्हणाली, "गेलेल्या लेकराचं नाव मला घेववंना. पहिल्या दिशीच न्हाय जमलं. मग तुझं घेतलं. ती पान्हवली."

"पर आता मी आलोय की."

"आता सवय लागली तिला. आन मला बी."

सहा महिने रोज दोन वेळा ती माझं नाव घेत होती. डेअरीच्या रांगेत मी जे बोलले होते ते माझ्या तोंडाशी आलं. "आक्का," मी म्हटलं, "त्या दिशी मी डेअरीवर..." आणि मला हुंदका आला.

"गप!" आक्का दबक्या आवाजात म्हणाली. हात थांबला नव्हता. "धार चाललीया. आत्ता रडायचं न्हाय. तिला कळतं, ती वर वढून घेईल."

मी पदर तोंडात कोंबला आणि बसून राहिले. चारही सड रिकामे होईपर्यंत तिनं घाई केली नाही. मग बादली उचलून बाजूला ठेवली, तिच्यावर फडकं टाकलं, हात हिरव्या साडीला पुसले आणि माझ्याकडं तोंड करून बसली.

"हां," म्हणाली. "रड आता."